शब्दचर्चा: तमिळमधला 'वेदक्कोविल' आणि पाच 'वेद' पुस्तकं

नोकरीनिमित्त तीन वर्षं तमिळनाडूतल्या नागरकोइलला होतो. पहिल्या आठवड्यात भाड्याचं घर शोधत असताना रिक्षावाल्याने खूण सांगितली, वेदक्कोविलच्या शेजारची गल्ली. 'कोविल' म्हणजे देऊळ एवढं तमिळ तोवर आलं होतं. वेदपाठशाळा असलेलं एखादं जुनं देऊळ असेल, असं समजून गेलो, तर समोर चर्च. पुढे ख्रिस्ती माणसाला 'वेदक्कारर' म्हणतात हेही कानावर आलं. आपल्या 'भाजीवाला', 'दूधवाला'सारखी ही घडण आहे, म्हणजे हा 'वेदवाला'! बायबलला घरोघरी 'वेदपुस्तगम' किंवा 'वेदागमम' म्हणतात.

मराठी कानाला हे चमत्कारिक वाटतं. 'वेद' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चारच वेद येतात, पाचवा आणायचा तर महाभारत. मग हा शब्द तिकडे बायबलला कसा चिकटला? शोध घेताना मी एका माणसापाशी पोचलो आणि त्याचं आयुष्य वाचण्यात पुढचे अनेक महिने गेले. त्याचं नाव बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग.

हा जर्मन. 1682 साली सॅक्सनीतल्या पुल्स्निट्स गावी जन्मला. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्याला धर्मप्रचारासाठी पाठवलं आणि 9 जुलै 1706 रोजी तो प्ल्युत्शाऊ या सोबत्याबरोबर तमिळ मुलखातल्या तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला. डॅनिश लोक या गावाला त्रांकेबार म्हणत. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी ते घेतलं होतं. त्सिगेनबाल्ग उतरला तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे.

त्याच्या हाताशी ना कोश होता ना व्याकरण. त्याने काय करावं? गावातल्या एका वृद्ध पंतोजींना त्यांची शाळाच आपल्या घरी भरवायला सांगितलं आणि मुलांच्या रांगेत बसून वाळूवर बोटाने अक्षरं गिरवली. शब्दचर्चेच्या दृष्टीने मला त्याच्या चरित्रातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. त्याचं पहिलं तमिळ पोरांच्या तोंडचं आणि गल्लीतलं होतं. पंडिती तमिळ तो पुढे शिकला, तेही मनापासून. 1708 मध्ये त्याने जमवलेल्या तमिळ ग्रंथांची यादी केली, तीत 119 ग्रंथ आहेत. पण पाया वाळूतलाच राहिला.

17 ऑक्टोबर 1708 रोजी त्याने नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या उत्तरभागाचं, भाषांतर सुरू केलं. महिनाभरात डॅनिश किल्लेदाराशी बिनसलं आणि चार महिने तो डान्सबोर्ग किल्ल्यात कैदेत होता. सुटून आल्यावर पुन्हा कामाला लागला आणि मार्च 1711 मध्ये नवा करार पुरा झाला. छापायला लंडनहून छापखाना आला, जर्मनीतल्या हालेहून छपाईचे तमिळ खिळे आले. ते इतके मोठे होते की कागद पुरेना, म्हणून तरंगंबाडीतच लहान खिळे ओतले. 1714 मध्ये चार शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) आणि प्रेषितांची कृत्ये (त्याच्या शिष्यांची हकिकत) छापून झाली. मुखपृष्ठावर तमिळमध्ये छापलं होतं: 'अंजु वेद पोस्तगम'.

हे नाव मी कितीदा वाचलं असेन. 'अंजु' म्हणजे पाच. ग्रांथिक तमिळमध्ये पाचाला 'ऐंदु' म्हणतात. 'अंजु' हे बाजारातलं, पोरांच्या पाढ्यातलं रूप आहे. 'पुस्तगम'च्या जागी 'पोस्तगम' हेही तसंच. ज्याला पंडितांची शाबासकी हवी होती त्याने 'ऐंदु' लिहिलं असतं. याने कानाने ऐकलेलं छापलं.

आता जाणकारांना प्रश्न. याचा विग्रह 'पाच वेदांचं पुस्तक' असा करावा की 'पाच वेदपुस्तकं' असा? मला दुसरा बरोबर वाटतो. तमिळमध्ये संख्येपुढे निर्जीव नाम एकवचनी चालतं, आपण 'पाच रुपया' म्हणत नाही पण ते तसं म्हणतात. म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान आणि कृत्ये ही पाच पुस्तकं आणि प्रत्येक पुस्तक 'वेद' जातीचं. इथे 'वेद' हे विशेषनाम उरलेलं नाही, सामान्यनाम झालं आहे.

प्रतिसाद:
पण ही दिशाभूल नाही का? लोकांच्या मनात वेदांविषयी आदर होता, तो शब्द उचलून आपल्या पुस्तकाला लावला. आपल्याकडे वेदोक्त-पुराणोक्तावरून कोल्हापुरात केवढं रण माजलं हे ठाऊक आहे. 'वेद' शब्द इतका हलका नाही.

धागाकर्ता:
तुमची शंका रास्त आहे, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मराठीतला 'वेद' आणि तमिळमधला 'वेदम' यांचा प्रवास वेगळा आहे. त्सिगेनबाल्ग येण्याच्या कितीतरी आधी तमिळ वैष्णवांनी नम्माळवार या संतकवीच्या 'तिरुवाय्मोळी' या काव्याला द्राविडवेद म्हटलं होतं. नम्माळवार जन्माने ब्राह्मण नव्हते. शैवांनी तेवारम स्तोत्रांना तमिळ वेद मानलं. तिरुक्कुरळ या जुन्या नीतिकाव्याला 'तमिळ मरै' म्हणतात आणि 'मरै' हा वेदाला अस्सल तमिळ प्रतिशब्द. तमिळ मुसलमान कुराणाला 'तिरुमरै' म्हणतात. म्हणजे 'पवित्र ग्रंथ' हा विस्तारलेला अर्थ तमिळ भक्तांनीच घडवला होता. त्सिगेनबाल्गने जो अर्थ चालू होता तोच घेतला. त्याच्याही आधी मदुराईत रोबेर्तो दे नोबिली या जेझुइटाने (कॅथलिक पंथातल्या एका संघाच्या धर्मगुरूने) 'सत्यवेदम' रूढ केलं होतं.

आपल्याकडे काय झालं? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटलं आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. आणि गीतेने ती उणीव भरून काढली असं सांगितलं आहे. मराठी संतांनी वेदाचा अर्थ आपलासा केला, पण 'वेद' हे नाव त्या चार ग्रंथांकडेच राहू दिलं. म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळींनी 'पवित्र शास्त्र' म्हटलं असावं, असा माझा अंदाज. 'शास्त्र' आपल्याकडे सैल शब्द आहे, पाकशास्त्रालाही चालतो.

प्रतिसाद:
त्सिगेनबाल्गच्या तमिळवर कोणी टीका केली नाही का? 'अंजु पोस्तगम' पंडितांना रुचलं नसणार.

धागाकर्ता:
झाली, आणि कडक झाली. इटालियन जेझुइट बेस्की, ज्यांना तमिळ लोक आजही वीरमामुनिवर म्हणून मानाने ओळखतात, त्यांनी त्सिगेनबाल्गच्या ल्युथेरन (प्रोटेस्टंट) मंडळींच्या तमिळची आणि मतांचीही झडती घेतली. गंमत अशी की त्यांच्या त्या खंडनग्रंथाचं नावही 'वेद विळक्कम', म्हणजे वेदाचं स्पष्टीकरण. धर्मशिक्षकांसाठी त्यांनी 'वेदियर ओळुक्कम' लिहिलं. 'वेदियर' म्हणजे मूळचे वेदज्ञ ब्राह्मण. तिथे अर्थ झाला गावोगाव फिरून प्रार्थना शिकवणारा ख्रिस्ती उपदेशक. भाषेवरून दोन्ही पंथ हमरीतुमरीवर आले, पण 'वेद' या शब्दावर दोहोंचं एकमत होतं.

बेस्की थोर कवी, त्यांचं म्हणणं भाषिकदृष्ट्या खोटं नव्हतं. तरीही माझं मन त्सिगेनबाल्गकडे झुकतं. तमिळमध्ये ज्ञान पद्यात सांगायची रीत होती, त्या काळात त्याने साधं गद्य छापलं. शाळेतल्या पोराला वाचता येईल असं.

प्रतिसाद:
आणि 'देव' या शब्दाचं काय केलं?

धागाकर्ता:
तो तर वेगळ्या धाग्याचा विषय, थोडक्यात सांगतो. 1578 मध्ये कोल्लमला छापलेल्या पोर्तुगीज जेझुइट हेन्रिकेस यांच्या तमिळ पुस्तकाचं नावच 'तंबिरान वणक्कम'. 'तंबिरान' हा धनी, स्वामी या अर्थाचा शब्द, शैव मठांतही चालणारा. नोबिलींनी 'सर्वेसुरन', म्हणजे आपला सर्वेश्वर, घेतला. पुढे फाब्रिसियुस या जर्मन धर्मप्रचारकाने मद्रासच्या वेपेरीत राहून बायबलचं भाषांतर नव्याने केलं, नवा करार 1772 मध्ये आला. त्याने 'पराबरन' पसंत केला. पर आणि अपर या दोहोंना व्यापणारा, असा तो मला समजतो. 1871च्या आवृत्तीत 'देवन' आला, तो पुष्कळ प्रोटेस्टंट घरांत अजून आहे. 1995च्या 'तिरुविविलियम' या तमिळ बायबलमध्ये 'कडवुळ' आहे, अस्सल तमिळ शब्द. पलीकडे असून आत असलेला, अशी त्याची फोड लोक सांगतात. संस्कृतकडून तमिळकडे सरकलेला तमिळनाडूचा सगळा कल या एका शब्दात दिसतो.

फाब्रिसियुसचा माझ्यावर आणखी एक उपकार आहे. 1779 मध्ये त्याने तमिळ-इंग्रजी कोश छापला. त्या कोशाच्या नावात तमिळला 'मलबारी' म्हटलं आहे, कारण तेव्हाचे युरोपीय पूर्व किनाऱ्यावरच्या तमिळलाही तेच नाव देत. जुनी पुस्तकं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर माणूस केरळात भरकटतो.

प्रतिसाद:
'शुभवर्तमान'ला तिकडे काय म्हणतात?

धागाकर्ता:
'सुविसेषम'. हा शब्द कळला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. तमिळमध्ये भेटल्यावर 'एन्न विसेषम?' असं विचारतात आणि आपण 'काय विशेष?' असं विचारतो. म्हणजे 'विशेष' हा दोन्हीकडे बातमीला लागणारा शब्द. त्याला 'सु' जोडला की चांगली बातमी.

जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या पूर्वभागातल्या, पुस्तकांची नावंही पाहा. पहिलं पुस्तक तिकडे 'आदियागमम', दुसरं 'यात्तिरागमम', चौथं 'एण्णागमम', पाचवं 'उपागमम'. देवळाच्या बांधणीचे आणि पूजेचे नियम सांगणारे शैव आगम डोळ्यांपुढे ठेवूनच ते वाचावं लागतं. आपल्याकडे उत्पत्ती, निर्गम, गणना आणि पाचवं 'अनुवाद'. मराठी वाचक इथे अडखळतो, कारण आज अनुवाद म्हणजे भाषांतर. इथे मूळ संस्कृत अर्थ जपला आहे: मागून पुन्हा सांगणे. मोशेने नियम पुन्हा सांगितले, म्हणून अनुवाद.

त्सिगेनबाल्गने जुन्या कराराचं भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत आणलं. 23 फेब्रुवारी 1719 रोजी तो गेला, वय 36. तरंगंबाडीत त्याने बांधलेल्या चर्चमध्येच त्याला पुरलं आहे. उरलेलं काम त्याच्यामागून आलेल्या शुल्त्से या धर्मप्रचारकाने 1728 पर्यंत पुरं केलं.

प्रतिसाद:
मी वसईची. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घरात सामवेदी बोलतो. तुमच्या 'वेदक्कारर'वरून आठवलं, लहानपणी शाळेत मला बाईंनी विचारलं होतं, ख्रिस्ती असून सामवेदी कशा? आमच्यात सांगतात की पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते, धर्म बदलला तरी नाव राहिलं.

धागाकर्ता:
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिशा नेमकी उलटी झाली. तिकडे बायबल हाती घेतलं म्हणून माणूस 'वेदवाला' झाला, तुमच्याकडे बायबल हाती आल्यावरही आधीचा वेद नावातून गेला नाही. तुमच्या सामवेदी बोलीत बायबलला, चर्चला आणि धर्मशिक्षण देणाऱ्याला घरगुती शब्द काय आहेत, ते आजीला विचारून इथे लिहाल का? छापील शब्द नकोत, स्वयंपाकघरात बोलतात ते हवेत.