आईचा मुठीचा डबा : सोलापुरातल्या देण्याघेण्याचे अनुभव

पूर्वभागातली लेक
मागच्या आठवड्यात माहेरचे घर आवरताना माळ्यावर आईचा पितळी डबा सापडला. झाकणाला पडलेला पोचा तसाच होता आणि उघडल्यावर जुन्या ज्वारीचा वासही आला. घरात त्याला ‘मुठीचा डबा’ म्हणत. दळणासाठी किंवा भातासाठी धान्य काढले की आई आधी एक मूठ त्यात टाकायची आणि महिनाअखेरीला वाड्यातल्या ज्या घरी चूल पेटत नसेल तिथे तो डबा जायचा. पोचवायला ती नेहमी मलाच पाठवायची, कारण मूल दारात आले की घेणाऱ्याला काही बोलावे लागत नाही, असे तिचे म्हणणे होते.

वडिलांची गिरणी बंद पडली त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या अक्कांची मुलगी आमच्या दारात उभी राहिली आणि तिच्या हातात डबा होता. आईने तो घेतला, तांदूळ आमच्या डब्यात ओतले आणि तिचा डबा परत देताना तळाशी गुळाचा एक खडा ठेवला. रिकामे भांडे परत देऊ नये, एवढेच ती म्हणाली. त्या रात्री मात्र ती जेवली नाही.

आपल्यापैकी कोणी दिले असेल, कोणी घेतले असेल. दोन्ही बाजूंचे अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. घेणाऱ्या बाजूने सहसा कोणी लिहीत नाही.

होटगी रोड
ताई, गुळाच्या खड्यापाशी थांबलो. आमच्या कॉलनीतली चार घरे मिळून सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देतात. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, शिवाय सीमेपलीकडून विजयपूर-कलबुर्गीकडची माणसेही तिथे असतात. रुग्णाला आत खाट मिळते, पण सोबत आलेल्याला झाडाखाली सतरंजी टाकून आठ-दहा रात्री काढाव्या लागतात.

पहिल्या वेळी आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली, कारण ती नासत नाही आणि बांधायलाही सोपी असते. एक आजी भाकरी हातात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. नातवासाठी ठेवली असेल असे मला वाटले. त्यांनी पदर बाजूला करून हिरड्या दाखवल्या आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. शेजारच्याने अर्थ सांगितला, ‘बाळा, भाकरी दिलीस, आता वरवंटाही दे.’ तेव्हापासून दुधाच्या किटलीतून गरम आमटी न्यायची आणि भाकरी कुस्करूनच हातात द्यायची, असा नियम झाला.

दुसरी गोष्ट कळायला सहा महिने लागले. आम्ही गुरुवारी जात होतो आणि गुरुवारी आणखी तीन गाड्या येत होत्या. मंगळवारी कोणीच येत नव्हते. आम्ही वार बदलला. पुण्य थोडे कमी लागत असेल, पण आमटी उरत नाही.

बाळीवेसची सून
आमचे जावई पुण्याचे आहेत. पहिल्यांदा कडक भाकरी पाहिल्यावर त्यांनी ती उघडायची कशी, असे विचारले होते. विषयांतराबद्दल क्षमस्व. होटगी रोडवाल्या दादांनी आमटीत येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचे मसालेदार पीठ, घालून पाहावा, म्हणजे ती पातळ असली तरी पोटाला धरते.

होटगी रोड
येसरच असतो, वहिनी. मिरची मात्र अर्धी घालतो, कारण उपाशी पोटाला आपला तिखटपणा सोसत नाही.

डागी माल
आमचे चादरींचे यंत्रमाग आहेत. विणताना दोष राहिलेल्या, म्हणजे डागी चादरी थंडीत स्टेशनच्या आसपास झोपणाऱ्यांना वाटण्याची पद्धत वडिलांपासून चालत आली आहे. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात चाळीस चादरी वाटल्या आणि आठवड्याने पुन्हा गेलो, तर त्यातले निम्म्याहून अधिक लोक पोती पांघरून झोपलेले होते. विकून दारू प्यायले असतील, असे मी माझ्या मुलासमोर बोललो. त्याबद्दल मला आजही लाज वाटते.

एका म्हाताऱ्या बाबांनी मला पुलाच्या कोपऱ्यापाशी नेऊन रिकामी जागा दाखवली. दिवसा कामाला जाताना ते चादर तिथे कोंबून ठेवत आणि सकाळच्या झाडलोटीत ती कचऱ्याबरोबर जात असे. कडेला पांढऱ्या सुताचा धागा लोंबत होता. आमच्याच मागाचा होता, मी लगेच ओळखला.

चादर देणे सोपे होते, ती ठेवायला जागा देणे मला सुचलेच नव्हते. आता ओळखीच्या एका दुकानदाराने मागच्या बोळातले लोखंडी कपाट दिले आहे. सकाळी सात वाजता गाठोडी आत जातात आणि रात्री नऊला बाहेर येतात. चिठ्ठ्यांवर नावे लिहिण्याऐवजी आम्ही रंगीत सूत बांधतो, कारण अनेकांना वाचता येत नाही. त्या वर्षापासून नव्या चादरी फारशा लागल्याच नाहीत.

विडीवालीची मुलगी
मी घेणाऱ्या बाजूने लिहिते. आई मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायची आणि शाळेतून आल्यावर मी पाने कापून द्यायचे. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद झाला, पाने-तंबाखू मिळेना आणि मजुरीही थांबली. तेव्हा गल्लीत एक गाडी आली. पीठ, तेल आणि डाळ असलेली पिशवी चांगली होती, मी नाकारत नाही. पण ती देताना चौघांनी एकदम हात लावला आणि आईला ‘मावशी, इकडे कॅमेऱ्याकडे बघा’ म्हणाले. आईने पदर ओढून घेतला. ‘पदर काढा, चेहरा येत नाही,’ असेही एकजण म्हणाला.

पिशवी घरी आली आणि दोन दिवस दाराआड तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावानेच ती फोडली. तुमच्या आईंचे मुलाला पाठवण्याचे कारण, ताई, मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्वभागातली लेक
हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार मानावेत की क्षमा मागावी, हे कळत नाही. आई आता कशा आहेत?

विडीवालीची मुलगी
आहे बरी. विड्या सोडल्या, पण रेशन दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही, कारण इतकी वर्षे पाने वळून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. दर महिन्याला चारदा बोट पुसून लावावे लागते.

निवृत्त पुरवठा
माझी सगळी नोकरी रेशनच्या पुरवठा खात्यातच झाली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा जुळत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्यावेत आणि मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा, म्हणजे ओटीपीचा पर्याय मागता येतो. धान्य नाकारता येत नाही, हे दुकानदाराला शांतपणे पण स्पष्ट सांगावे.

शिधापत्रिकेला पत्ता लागतो, ही खरी अडचण बेघरांची आहे. शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असावा, असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती, त्यावरून किती निवारे लागतील याचा हिशेब प्रत्येकाने करावा. वाटपाचे फोटो काढणाऱ्यांनी तो हिशेब महापालिकेला लेखी विचारला तर अधिक उपयोग होईल.

स्पष्टवक्ता
थोडे कटू वाटेल, पण फुकट खायला मिळाले की माणूस काम करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एसटी स्टँड, फलाट क्रमांक नको
मी बारावीनंतर घर सोडून सोलापुरात आलो आणि तीन आठवडे स्टँडवर झोपलो. दिवसा एका खानावळीत ताटे धूत होतो, म्हणजे काम करतच होतो. मालक पगार महिन्याने देणार होता आणि भूक रोज लागत होती, एवढाच घोळ होता. समोरचे चहावाले काका सकाळी चहाबरोबर दोन पाव द्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. पहिला पगार झाल्यावर मी हिशेब विचारला, तेव्हा त्यांनी वही उघडली. माझ्या पानावर पावांचा उल्लेखच नव्हता, फक्त चहा होते. मी पैसे दिले आणि त्यांनी घेतले. ते घेतले म्हणून त्यांच्यासमोर मी ताठ उभा राहू शकलो.

बाळीवेसची सून
आमच्या सासूबाई अशा जेवू घालण्याला दासोह म्हणतात. दासोहात वाढणारा आपण दास आहोत, अशा भावनेने वाढतो. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या या गावात राहून वाढणारा दाता आणि जेवणारा याचक, अशी भाषा तोंडी येऊ नये, असे त्यांचे मत आहे. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे खुली केली, तेव्हा कोणी काम करतो की नाही हे विचारल्याचे निदान कथेत तरी नाही.

स्पष्टवक्ता
वहिनी, शब्द मागे घेतो. लग्नाच्या हॉलमधले उरलेले अन्न पोचवायला माझा टेंपो कधीही वापरा.

होटगी रोड
टेंपो हवाच आहे. मात्र मे महिन्यात रात्री अकराला निघालेले वरण पहाटेपर्यंत आंबते. एकदा आम्ही तसे नेले आणि वास आल्यावर सगळे ओतून द्यावे लागले, तेही वीस माणसे ताटे धरून बसलेली असताना. त्यामुळे आता हॉलवाल्यांना पंगत उठायच्या आधीच फोन करतो, ताटातले उष्टे घेत नाही आणि उन्हाळ्यात फक्त कोरडे पदार्थ व साधा भात उचलतो. दहीभात कितीही आग्रह झाला तरी नाही.

डागी माल
टेंपो दुपारी मोकळा असेल तर सांगावे. दुसऱ्या एका दुकानदाराने जुने कपाट देऊ केले आहे, पण ते उचलायला चार माणसे लागतील.

पूर्वभागातली लेक
आमच्या घरातून दोघे येतील. विडीवाल्या ताई, तुमची हरकत नसेल तर शनिवारी माझी मुलगी आईचा डबा घेऊन तुमच्याकडे येईल. फोटो काढणार नाही. झाकण थोडे घट्ट बसते, चमच्याच्या टोकाने उचकटावे.

विडीवालीची मुलगी
पाठवा. आईने आत्ताच विचारले आहे की मुलीला शेंगाची पोळी आवडते का, कारण डबा रिकामा परत जाणार नाही.