खुर्चीला हात होते का?

आमच्या घरच्या ग्रुपवरची परवा रात्रीची चर्चा. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच ठेवली आहेत. सोनू हा मामाचा मुलगा, म्हणून जी माझी मावशी ती त्याची आत्या. दादा माझा मोठा भाऊ, स्टेजवरच्या साउंडचं काम करतो. आजी टाइप करत नाही, व्हॉइस नोट पाठवते. त्या मी लिहून काढल्यात.

सोनू: नवा अल्बम, जगभर दौरा, तिकिटं आजपासून. अल्बम मात्र दौरा सुरू झाल्यावर येणार!

सोनू: म्हणजे जी गाणी कोणीच ऐकलेली नाहीत ती ऐकायला आत्ताच पैसे भरा

मामी: कोण आहेत हे

सोनू: जोडी आहे गं आई. दोघंच

मामी: पोस्टरवर मागे आठ-दहा जण दिसतायत

सोनू: ते वाजवणारे. नाव दोघांचं

मामा: आमच्या वेळी रॉक्सेट होते.

सोनू: झालं. बाबा सुरू झाले

मामा: हो, झालो. स्वीडनमधलं हाल्मस्टाड नावाचं समुद्रकाठचं शहर, तिथून निघालेली जोडी. पेर गेस्ले आणि मारी फ्रेडरिक्सन. १९८६ साली एकत्र आले. त्याआधी दोघंही स्वीडिशमध्ये गायचे, आपापलं नाव कमावून बसलेले. गाणी बहुतेक तो लिहायचा. गायचे दोघंही, पण ती गायला लागली की त्याच्याकडे कोण बघतंय!

आई: आमच्या या भावाला दहावीत तिचे केस हवे होते. पांढरट, अगदी बारीक कापलेले.

मामा: ताई, हे इथे लिहायची गरज नव्हती.

मावशी: न्हाव्याने नाही म्हटलं होतं. बरं केलं

सोनू: दोन्ही आत्या अजून सांगा

बाबा: चीनमध्ये गाणारे पहिले पाश्चात्त्य पॉपवाले हेच ना?

मामा: नाही हो भाऊजी. ते व्हॅम. तीही जोडीच, जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली. एप्रिल १९८५, बीजिंगचं वर्कर्स जिम्नॅशियम. त्यांच्या मॅनेजरने कितीतरी महिने खेटे घालून परवानगी मिळवली होती. आणि लोकांना नाचायची बंदी! हजारो माणसं बसलीयेत हाताची घडी घालून आणि वर हे दोघं उड्या मारतायत. रॉक्सेट बीजिंगला गेले ते दहा वर्षांनी, १९९५ ला.

बाबा: म्हणजे मी निम्मा बरोबर.

मामी: नेहमीप्रमाणे निम्मे

सोनू: पण माझा मुद्दा तोच आहे. दौरा म्हणजे अल्बमची जाहिरात. शहराशहरात जाऊन तीच वीस गाणी त्याच क्रमाने. इथे "तुम्हीच आमचे सगळ्यात भारी प्रेक्षक" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात तेच

दादा: तीच वीस गाणी त्याच क्रमाने, हे खरं आहे. तसं नसेल तर आमची वाट लागते. लाइट, पडद्यावरची चित्रं, कुठल्या गाण्याला कुठली गिटार हातात द्यायची, सगळं त्या क्रमावर बांधलेलं असतं. आणि नवी गाणी कुठे घालायची हा वेगळाच खेळ. दोन जुन्यांच्या मध्ये एक नवं दडपायचं. नवं सुरू झालं की लोक बाथरूमला जातात. खोटं वाटत असेल तर साउंडच्या मिक्सरपाशी उभा राहून बघ, अर्धी गर्दी मागे वळलेली दिसते

सोनू: हेच म्हणतोय ना मी

मामी: मी हिशेबाचं सांगू का. तेव्हा दौरा ही जाहिरात होती आणि कॅसेट हा माल. आता गाणी फोनवर जवळपास फुकट, त्यातून गाणाऱ्याच्या हातात येतात चिंचोके. म्हणून आता अल्बम ही जाहिरात आणि तिकीट हा माल. तुझ्या या जोडीने अल्बम उशिरा काढला तर नवल काय. दुकान आधी उघडलं, पाटी नंतर लागेल.

मामा: हिचं बरोबर आहे. १९८९ ला रॉक्सेटचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, तिथे त्याची सात इंची रेकॉर्ड, म्हणजे ती छोटी तबकडी, निघालीच नव्हती. तोवर असं कधी झालं नव्हतं. रेकॉर्डचे दिवस संपत आले होते, कॅसेट चालत होती. माल बदलत होता तो असा.

मामा: पण जाहिरात जाहिरात काय करतोस? जॉयराइड अल्बम आला मार्च १९९१ मध्ये. सप्टेंबरात हेलसिंकीपासून दौरा सुरू. युरोप, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका. शंभराच्या वर कार्यक्रम. अल्बम एक कोटीच्या वर खपला, म्हणजे जाहिरात चाललीच. पण त्या वर्षभरात माणसं काय करत होती? विमान, हॉटेल, साउंड चेक, कार्यक्रम, हॉटेल, विमान.

दादा: साउंड चेकनंतर तीन-चार तास नुसतं बसणं असतं. दौऱ्यातला सगळ्यात मोठा भाग तो. कोणी सांगत नाही

मामा: तेच! मग त्यांनी त्या बसण्याचं काय केलं? रेकॉर्डिंग केलं. पुढचा अल्बम रस्त्यातच. नावच टुरिझम, ऑगस्ट १९९२. काही गाणी स्टुडिओत, काही थेट स्टेजवरची, काही हॉटेलच्या खोलीत. ब्युनोस आयर्सच्या हॉटेलात खोलीत बसून रेकॉर्ड केलेलं गाणं आहे त्यात. सिडनीच्या कार्यक्रमातलं आहे, त्यात लोकांचा आवाज पण आहे. कॅसेटच्या कार्डावर बारीक अक्षरात गाणं आणि जागा. मी शाळेचा नकाशा उघडून एकेक जागा शोधली होती.

मी: मामा, म्हणून तुझा भूगोल चांगला?

मामा: फक्त दक्षिण अमेरिकेचा.

सोनू: हे मला माहीत नव्हतं. हॉटेलच्या खोलीतलं गाणं म्हणजे आता कोणीही घरी लॅपटॉपवर करतं तसंच की

दादा: तसंच नाही रे. तेव्हा लॅपटॉप कुठला. यंत्रं खोलीत चढवायची, माइक लावायचे, खाली रस्त्यावरची वाहनं थांबायची वाट बघायची. आणि कंपनी म्हणणार, पैसे स्टुडिओचे मोजलेत, खोलीत कशाला गाताय. एवढा मोठा अल्बम खपल्यावरच असले लाड चालतात

मावशी: मारी वारली ना?

मामा: हो. डिसेंबर २०१९. ६१ वर्षांची होती.

मावशी: मला तिचं शेवटचं आठवतंय. तू व्हिडिओ दाखवला होतास. खुर्चीत बसली होती. मला तो पूर्ण बघवला नाही

सोनू: खुर्चीत का?

मामा: सप्टेंबर २००२ मध्ये घरी चक्कर येऊन पडली. तपासलं तर मेंदूत गाठ. ऑपरेशन, मग रेडिएशन. उजव्या डोळ्याची नजर गेली. वाचता येईना, आकडे समजेनात. तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की रॉक्सेट संपलं.

मामा: मग मे २००९. पेर स्वतःचा एकट्याचा दौरा करत होता. ॲमस्टरडॅमच्या कार्यक्रमात ती स्टेजवर आली आणि त्याच्याबरोबर गायली. सात वर्षांनी. त्यानंतर नवा अल्बम, चार्म स्कूल, फेब्रुवारी २०११. आणि जगभर दौरा. रशिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया. थोडाच करायचा म्हणून निघाले आणि तारखा वाढतच गेल्या. शेवटी नावच पडलं नेव्हरएंडिंग.

मावशी: हेच मला पटत नाही. मी रोज असे पेशंट बघते. डोक्यावर रेडिएशन झालेल्या माणसाला अर्धा तास उजेडात बसवलं तरी थकवा येतो. थकवा म्हणजे आपला नव्हे, हातातला पेला जड वाटण्याइतका. आणि त्या बाईला तुम्ही या खंडातून त्या खंडात नेताय, रात्री दिव्यांखाली उभं करताय. कशासाठी, अल्बम खपावा म्हणून?

मामी: वन्स बरोबर बोलतायत

सोनू: मग तेच ना, जाहिरात

मामा: अरे तिला जायचं होतं!

मावशी: जायचं असतंच रे. माझ्याकडचे पण म्हणतात, मला जिना चढायचाय. चढवते मी. पण किती पायऱ्या ते मी ठरवते, त्यांना टाळ्या वाजवणारे नाही ठरवत

(इथे ग्रुपवर बारा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मामा दोनदा टायपिंग दिसला आणि थांबला.)

दादा: मावशी, मी स्टेजच्या बाजूने सांगतो, बरोबर-चूक तू ठरव. गाणाऱ्याला त्रास असला की सगळा कार्यक्रम त्याच्याभोवती पुन्हा बेततात. सूर खाली उतरवतात. अवघड गाण्यानंतर दुसऱ्याने गायचं गाणं ठेवतात, तेवढी पाच मिनिटं विश्रांती. शब्द डोळ्यासमोर पडद्यावर. त्या दौऱ्यांत हेलेना योसेफसन नावाची गायिका होती मागे. ओळ निसटली तर कोणी धरायची हे ठरलेलं असतं, आणि धरणाऱ्याने ती अशी धरायची की लोकांना कळता कामा नये. नवीन अल्बमची त्यात मोजकीच गाणी होती, बाकी सगळी जुनी. जुनी गाणी लोकच गातात. तिने माइक पुढे केला की झालं

मावशी: म्हणजे लोकांनी तिचं ओझं उचललं म्हण

दादा: उचललं. पण तिकीट काढून

मामी: हे भारी होतं

मामा: मला एवढंच म्हणायचंय. १९९१ चा दौरा अल्बमसाठी होता, मान्य. २०११ ला उलटं होतं. मला तरी वाटतं, तिला पुन्हा स्टेजवर जाता यावं म्हणून अल्बम झाला. नुसतं जुन्या गाण्यांवर जाता आलं असतं, पण मग ती आठवणींची जत्रा झाली असती. आणि हे लोक २०१२ मध्ये परत तेच करून बसले. रस्त्यातच अल्बम. नाव ट्रॅव्हलिंग!

सोनू: तो पण खोलीत?

मामा: थोडा इकडे थोडा तिकडे. टुरिझमचा धाकटा भाऊ समज. खरं सांगायचं तर तितका चांगला नाही.

सोनू: बाबांनी रॉक्सेटला नावं ठेवली. स्क्रीनशॉट घेतलाय

मावशी: आणि खुर्ची?

मामा: ती रॉक्सेटच्या तिसाव्या वर्षानिमित्तच्या दौऱ्यात. २०१४ च्या शेवटी रशियात, व्लादिवोस्तोकहून निघाले. पुढे तिचे पाय साथ देईनात, मग २०१५ पासून बसून गायची. शेवटचा कार्यक्रम केपटाउनला, फेब्रुवारी २०१६. त्या उन्हाळ्याच्या तारखा लागलेल्या होत्या, पण डॉक्टरांनी थांबा म्हटलं आणि सगळ्या रद्द केल्या.

मावशी: केल्या ना रद्द? मग ठीक. कोणीतरी पायऱ्या मोजत होतं म्हणायचं

मावशी: तरी पूर्ण पटलेलं नाही. लिहून ठेवते

आजी (व्हॉइस नोट, ५१ सेकंद): मला हे सगळं या पोरीने वाचून दाखवलं. तुम्ही त्या खुर्चीचं एवढं काय घेऊन बसलात? बसून गायलं तर गाणं कमी होतं का? आपल्याकडे मोठे मोठे सगळे बसूनच गातात, मांडी घालून. उभं राहून गातात ते पोवाडेवाले आणि कीर्तनकार. तिकडे उभं राहून गायची पद्धत म्हणून तुम्हाला ती बसलेली केविलवाणी दिसली. मला सांगा, त्या खुर्चीला हात होते का? हात नसले तर उठता येत नाही गं. उठायला कोणीतरी लागतं आणि ते चारचौघांत बरं दिसत नाही.

(मामाने हे ऐकल्यावर दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही.)

मावशी: आई, हे मी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे

बाबा: उभं राहून गाण्याबद्दल माझाही एक मुद्दा होता, पण राहू दे.

दादा: आजीचं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. आम्ही गाणाऱ्यासाठी स्टूल मागवतो तेव्हा पहिला प्रश्न तोच. हात असले तर गिटार धरता येत नाही, नसले तर उठता येत नाही

मामा: व्हिडिओ पुन्हा बघतो. खुर्चीकडे मी कधी नीट बघितलंच नाही. मी तिच्याकडे बघत होतो.

मामी: कळलं आम्हाला

सोनू: बाबा ते टुरिझम लावलं मी. हेडफोनवर. हॉटेलवालं गाणं कुठलं ते सांगू नका, मी ओळखतो

मामा: कार्ड असतं तर पडताळून बघितलं असतंस. कॅसेट सापडली, कार्ड नाही. मधल्या कप्प्यात होतं.

मामी: तुमच्या जुन्या नकाशाच्या वहीत आहे. दक्षिण अमेरिकेच्या पानावर. मी कधी काढलं नाही.

सोनू: एक नक्की ओळखलं. एकदम जवळून आवाज येतोय, जसं कोणी पलंगावर बसून गातंय

दादा: हॉलचा घुमारा नसला की तसंच वाटतं. गादी, पडदे, गालिचा, सगळे आवाज पितात

सोनू: बरं, मग त्या नव्या जोडीचं तिकीट घेऊ का नको?

मामी: अल्बम ऐकून ठरव

सोनू: अल्बम नंतर येणारे ना!!

मामा: मग मावशीला विचार, किती पायऱ्या.

मावशी: आत्या आहे मी त्याची. आणि तो ठणठणीत आहे, उभं राहून बघू दे

सोनू: आजी येतेस का? तुला बसायची जागा बघतो

आजी (व्हॉइस नोट, ४ सेकंद): हात असलेली बघ.