मदत हवी आहे: ऑथेंटिकेशन लावल्यावर ओएसपीएफचा नेबर परत येत नाही

नमस्कार मंडळी. शेजारशेजारच्या दोन राउटरमध्ये ओएसपीएफ (राउटर एकमेकांना नेटवर्कचे मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) व्यवस्थित चालू होतं. काल एमडी५ ऑथेंटिकेशन (पॅकेट ओळखीच्याच राउटरकडून आलंय ना, हे सामायिक पासवर्डने तपासणं) लावलं आणि डेड टायमरचे (समोरून हॅलो पॅकेट न आल्यास वाट पाहायची मुदत) ४० सेकंद संपताच नेबर, म्हणजे समोरच्या राउटरशी जुळलेलं नातं, गेला, तो गेलाच.

दोन्हीकडे की-आयडी (पासवर्डचा क्रमांक) १ आहे. पासवर्ड एकेक अक्षर ताडून पाहिला, शेवटी चुकून स्पेस पडलेली नाही. हॅलो पॅकेटांमधलं अंतर १० सेकंद, एरिया (ओएसपीएफ नेटवर्कचा भाग) आणि सबनेट मास्कही जुळतात. डीबगमध्ये मात्र एकच ओळ सारखी येते: समोरून आलेलं पॅकेट टाइप ० (ऑथेंटिकेशन नाही), आपला टाइप २ (एमडी५). म्हणजे पलीकडचा राउटर ऑथेंटिकेशन न लावताच पॅकेट पाठवतोय. तिथे इंटरफेसवर (राउटरच्या त्या पोर्टवर) की, म्हणजे पासवर्ड, दिलेली स्पष्ट दिसते, पण एरियाच्या सेटिंगखाली काहीच नाही. नुसती की देऊन भागत नाही, ऑथेंटिकेशन वेगळं चालू करावं लागतं, असंच ना? मग ते इंटरफेसवर करू की अख्ख्या एरियाला? त्या राउटरवरून एक व्हर्च्युअल लिंकही (दुसऱ्या एरियातून मुख्य एरिया ० शी जोडणारा दुवा) जाते, तीच तुटायची भीती वाटते.

आणखी एक. पुढे एमडी५ सोडून एसएचए-२५६ या जास्त सुरक्षित पद्धतीवर जायचंय. नेबर न पाडता हा बदल कोणी केलाय का? कोणत्या क्रमाने केलात, ते कृपया सविस्तर सांगा.