मदत हवी आहे: एका मिनिटात माणूस उभा कसा करायचा? (रविवार सकाळ, पाच शिकाऊ, पुणे)

पाठकोरी:

मंडळी नमस्कार,

आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी सात वाजता सहकारनगरात एकीच्या गच्चीवर जमतो आणि दीड तास माणसं काढतो. काढतो म्हणजे, काढायला बसतो. कॉलेजात जाऊन चित्रकला शिकलेलं आमच्यात कोणीच नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा (त्याला ॲनिमेशनमध्ये जायचंय, घरी अजून सांगितलेलं नाही), आयटीतल्या दोघी, एक निवृत्त काका आणि मी. माझी मजल एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंत, दोन्हीला बी ग्रेड.

करतो ते असं: एक जण समोर उभा राहतो, मोबाइलवर मिनिटाचा टायमर, बाकीचे चौघे काढतात. जेश्चर ड्रॉइंग म्हणतात ते. गच्चीवर पत्रा आहे, त्यामुळे पावसाची अडचण नाही. पत्र्यावर पाऊस जोरात आला की टायमर ऐकू येत नाही, एवढंच.

तीन महिने झाले. ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांचा माझा गठ्ठा काल चाळला आणि लक्षात आलं, माझ्याकडे मुंडक्यांचं संग्रहालय आहे. प्रत्येक कागदावर एक डोकं, एक नीट काढलेला कान आणि अर्धा खांदा. तिथे मिनिट संपलेलं. ज्या दिवशी घाईघाईने पायापर्यंत पोचते त्या दिवशी माणूस लाकडाचा होतो. शाळेत स्मरणचित्राला ‘बसथांब्यावरील दृश्य’ काढायचो ना, तसा. हात अंगाला चिकटलेले, पाय दोन काठ्या, आणि पायाखाली जमीन म्हणून एक आडवी रेघ.

दुसरी अडचण, समोर उभं राहायला कोणी तयार नसतं. ज्याची पाळी तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. पाच माणसं, एकच पोझ. बाहेर जावं म्हणून एका उद्यानात बसलो, तर रखवालदाराने परवानगी दाखवा म्हणून उठवलं.

तिसरी जरा नाजूक आहे. काका प्रत्येकाच्या मागे येऊन उभे राहतात, ‘अगं, असं नाही’ म्हणतात आणि स्वतःच्या पेन्सिलीने आमच्याच कागदावर दुरुस्त करतात. माणूस फार चांगला आहे, गरम इडल्या घेऊन येतो. पण आयटीतली एक जण दोन रविवार आलेली नाही आणि मला कारण माहीत आहे.

काय करावं? क्लास लावा हे सोडून सांगा, रविवार एकच असतो.

अर्धवट:

मुंडक्यांचं संग्रहालय केळकर संग्रहालयाला देऊन टाका. (हलके घ्या.) वाचतोय, माझंही हेच होतं. फक्त माझ्याकडे कानही येत नाहीत.

कोळसा:

पाठकोरीताई, डोक्यापासून सुरुवात करताय तोवर हे असंच होणार. डोकं, मान, खांदा असं वरून उतरत गेलं की पाय येईपर्यंत वेळ संपतो. आणि नाही संपला तरी माणूस सुटे भाग जोडल्यासारखा दिसतो.

पुढच्या रविवारी असं करून बघा. पोझ सुरू झाली की पेन्सिल टेकवायच्या आधी पाच सेकंद नुसतं बघायचं, आणि एकच गोष्ट बघायची: भार कुठल्या पायावर आहे? मग मानेपासून निघून पाठीतून त्या पायाच्या टाचेपर्यंत एक सलग रेघ. हात उचलायचा नाही. ती रेघ सरळ आली तर पुन्हा बघा, कारण माणूस सरळ रेषेत फार क्वचित उभा असतो.

त्यानंतर दोन तिरक्या रेघा, एक खांद्यांची, एक कमरेची. एका पायावर भार टाकला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे एका अंगाला दोन्ही रेघा जवळ येतात, दुसऱ्या अंगाला फाकतात. तुमच्या कागदांवर त्या समांतर असणार, पैज लावतो. म्हणून तुमची माणसं सावधानमध्ये उभी आहेत.

आणि ओळंबा. गवंडी भिंतीला लावतो तोच, मनातल्या मनात लावायचा. समोरून बघताना गळ्याच्या खळगीतून सरळ खाली सोडलेला दोरा, एका पायावर भार असेल तर त्या पायाच्या घोट्यापाशी येतो. दोन्हींवर असेल तर दोन पायांच्या मध्ये. तो दोन्ही पायांच्या बाहेर गेला तर माणूस एक तर चाललाय, नाही तर कशाला टेकलाय, नाही तर पडतोय. एवढं झालं की हात, दुसरा पाय, आणि सगळ्यात शेवटी डोकं. डोक्याला नुसतं अंडं पुरतं. कान दिसला की दंड ठेवा, कानाला पाच रुपये.

वेळेचं म्हणाल तर मिनिट पुरत नाही यावर उपाय मिनिट वाढवणं नाही, कमी करणं. सुरुवातीला १५ सेकंदांच्या चार-पाच पोझ घ्या, काहीही येऊ दे कागदावर. मग ३० सेकंदांच्या १०, मिनिटाच्या १०, दोन मिनिटांच्या ५ आणि शेवटी पाच मिनिटांच्या २. पस्तीस-छत्तीस मिनिटांचं काम, पोझ बदलणं आणि इडल्या धरून तास सव्वा तास. १५ सेकंदांनंतर मिनिट इतकं लांबलचक वाटतं की चुळबूळ सुरू होते.

खोडरबर घरी ठेवा. मांडीवरच्या छोट्या वहीत रेघ मनगटातून येते आणि मनगटातून आली की लहान, केसाळ येते. मोठा कागद, मागे पुठ्ठा, आणि शक्य तर उभं राहून खांद्यातून काढा. पाठकोरे कागद उत्तमच. महागड्या कागदावर माणूस जपून काढतो.

हाडामासाचा:

कोळसा यांच्याशी अर्धाच सहमत. शरीररचना माहीत नसताना नुसत्या वाहत्या रेघा मारत राहिलं की सगळी माणसं शेवयांची होतात. मी पाहिलेत असे गट, दोन-दोन वर्षं शेवया.

निदान एवढं पाठ करा: कवटी, बरगड्यांचा पिंजरा आणि कमरेचं हाड, हे तीन डबे वाकत नाहीत. वाकतं ते त्यांच्या मधलं, मान आणि पोट. पिंजरा एकीकडे कलला आणि कमरेचा डबा दुसरीकडे, की एका बाजूच्या पोटाला वळी पडते आणि दुसरी बाजू ताणली जाते. ती वळी दिसली की काढलीच पाहिजे. माणूस जिवंत आहे हे तिथेच कळतं.

कोळसा:

तीन डबे मान्य. फक्त ते रेघेनंतर, आधी नाही. आणि स्नायूंची नावं पाठ करत बसले तर आत्ता चौघं येतात तीही येणार नाहीत.

नदीकाठचा:

उद्यानाचं सोडा हो. जुलै चालू आहे, पुण्यात राहता, आणि मॉडेल मिळत नाही म्हणता? नदीपात्राच्या बाजूला संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय की. ढोल वाजवणारा हलतो खरा, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. हीच मेख आहे. हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करायचा नाही. त्याच्या कामातल्या दोन-तीन जागा पकडायच्या: टिपरू (ढोल वाजवायची काठी) वर गेलेलं, टिपरू ढोलाच्या पानावर आलेलं, आणि दोन्हींच्या मधली. एका कागदावर तिन्ही सुरू करा आणि तो ज्या जागी परत येईल त्या चित्रात रेघ घाला. ढोल कमरेला बांधलेला असतो, त्याचं वजन पुढे ओढतं, म्हणून वाजवणारा पाठीतून मागे रेलतो. कोळसाभाऊंचा ओळंबा लावून बघा, ढोलासकट लावावा लागेल.

पथकातल्या कोणाला तरी आधी विचारा, नाही म्हणत नाहीत. उलट मागे येऊन ‘माझं काढा’ म्हणतात, तो त्रास वेगळा. आणि कानात कापूस.

निऱ्या:

माझा मुद्दा थोडा वेगळा. नेटवर वेळ लावून फोटो बदलणाऱ्या साइट आहेत, आम्ही दोन वर्षं त्यावर काढलं. हात बसला. पण एक दिवस मंडईत भाजी घेताना वाटलं, समोर बसलीये तशी बाई मी एकदाही काढलेली नाही. त्या फोटोंत बहुतेक सगळे नाचल्यासारखे उभे किंवा खुर्चीवर. आपल्याकडची माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, एक गुडघा उभा करून त्यावर हात टाकतात.

उकिडवं बसणं काढून बघा. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे छातीपर्यंत आलेले, आणि बूड टाचांच्या मागे गेलेलं, म्हणून तोल सांभाळायला धड आणि हात पुढे. मी पहिल्यांदा काढली तेव्हा अदृश्य स्टुलावर बसलेली बाई आली होती.

साडीचंही तेच. पाय दिसत नाहीत म्हणून लोक घंटा काढून मोकळे होतात. कापड जिथे टेकतं, म्हणजे खांदा, कंबर, पुढे आलेला गुडघा, तिथूनच चुण्या निघतात. तेवढ्या तीन-चार ताणाच्या रेघा घ्या, आतला पाय आपोआप कळतो. नऊवारी त्या मानाने सोपी.

आता तुमचे काका. आमच्याकडे काकू होत्या. दोन नियम केले आणि ते सगळ्यांना लावले, एकट्या काकूंना नाही. पहिला, दुसऱ्याच्या कागदाला पेन्सिल लावायची नाही. दुसरा, काढताना कोणी बोलायचं नाही. शेवटी सगळे कागद नावं न घालता जमिनीवर पसरायचे, प्रत्येकाने दुसऱ्याचं एक उचलायचं आणि त्यात भार कुठे जाणवतो एवढंच सांगायचं. चांगलं-वाईट नाही.

आणि पोझ मागू नका, काम सांगा. ‘पोझ दे’ म्हटलं की हात कमरेवर जातात. ‘बादली भरलीये, उचल’, ‘वरच्या फळीवरचा डबा काढ’, ‘बसने ब्रेक मारला, दांडी धर’ असं म्हणा. हात वर असलेली कामं ३० सेकंदांतच ठेवा, दोन मिनिटांत मुंग्या येतात.

अर्धवट:

अवांतर: फ्रेंच शिल्पकार रोदँ उतारवयात मॉडेलना स्टुडिओत हवं तसं फिरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता त्यांना काढायचा. मी तसं काढून पाहिलं. बायको म्हणाली, रताळं छान आलंय.

पाठकोरी:

सगळ्यांचे आभार, धागा वर काढतेय. मध्ये तीन रविवार झाले.

पहिल्या रविवारी १५ सेकंदांत नुसते गुंते आले. कानाच्या दंडाचे पस्तीस रुपये जमले, त्यातले वीस माझे. दुसऱ्या रविवारी दोन नियम मी वाचून दाखवले. काकांना कळलं की नाही माहीत नाही, पण ते जरा गप्प झाले. मग मीच म्हटलं, काका, आज तुम्ही उभे राहा, तुम्हाला येणारं एखादं काम करून दाखवा.

काका उठले आणि म्हणाले, ‘बजाज चेतक. सकाळची. सुरू होत नाहीये.’ आणि हवेतलं हँडल धरून स्कूटर अंगावर तिरकी केली. जुने पुणेकर ओळखतील ते. एक हात हँडलवर, एक सीटवर, अंग स्कूटरवर रेललेलं. तीन सेकंद टिकले आणि धडपडले. पुन्हा केलं, पुन्हा धडपडले. इंजिनिअरिंगवाला ओरडला, ‘काका, ओळंबा बाहेर जातोय!’ स्कूटर नव्हती ना टेकायला. शेवटी प्लास्टिकचं टेबल दिलं, त्यावर रेलले तेव्हा मिनिटभर थांबले.

आम्ही तिघांनी काढलं. टेबल कोणीच काढलं नाही, आणि तरी तिन्ही कागदांवर काका कशाला तरी टेकलेत हे दिसत होतं. माझ्या कागदावर डोक्याच्या जागी नुसतं अंडं आहे.

त्यानंतर कोण उभं राहणार यावर भांडणं आहेत. मी स्वतः परवा उंच फळीवरचा डबा काढत उभी राहिले. तीस सेकंदांत उजव्या पोटरीला कळ लागली, आणि नंतर दुसऱ्या कोणाचं काढताना हात आधी पोटरीकडे गेला. काका अजून मागे येऊन उभे राहतात, पण पेन्सिल खिशात असते. आयटीतली जी येत नव्हती ती परत आली, अजून त्यांच्या शेजारी बसत नाही.

ढोल पथकाला अजून गेलो नाही, या शनिवारी संध्याकाळी जायचं ठरलंय. नदीकाठचा, कापूस किती लागतो?

नदीकाठचा:

दोन्ही कानांचा.

अर्धवट:

ते सगळं ठीक. स्कूटर सुरू झाली का?

पाठकोरी:

नाही. काका म्हणतात, चोक ओढायचा राहिला.