पेशी पास झाल्या, आईच्या हातांचं काय?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "भांड्यांचा साबण आता कातडीच्या पेशींवर तपासतात, निर्धास्त वापरा." आमची खानावळ आहे. वीस वर्षं आई भांडी घासत्ये. पेरांना चिरा पडल्यात, चटणी वाटताना डोळ्यांत पाणी येतं. चाचणी म्हणजे काय, तर रसायन पाव तास ते तासभर ठेवायचं, धुवायचं, ४२ तासांनी जिवंत पेशी मोजायच्या. निम्म्याहून जास्त जगल्या की पास. तेही एकदाच लावून! आईचे हात दिवसातून दहादा साबणात असतात.

टिळकवाडीची: चार वर्षं मी या चाचण्यांचंच काम केलंय, म्हणून राग येतो. बशीतला पेशींचा नुसता एक थर साबणानं लगेच मरतो. म्हणून माणसाच्याच पेशींपासून वरच्या मेलेल्या थरासकट कातडी वाढवतात. एमटीटी नावाचं पिवळं रसायन घातलं की जिवंत पेशी जांभळ्या होतात, तो रंग मोजतात. १९४४ पासून यासाठी सशांची पाठ भादरत होते. ओईसीडीनं, म्हणजे चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या संघटनेनं, २०१० मध्ये ही पद्धत घेतली. तुम्हाला ससे परत हवेत?

निपाणीकर: ससे राहू द्या. बाटलीवरची सूचना कन्नड नि इंग्रजीत. आमचे अण्णा मराठी चौथी शिकलेले. ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र ओतलं, क्लोरीन उठला, रात्रभर खोकत बसले. १९५६ पासून आम्ही सीमाभागात आहोत, निदान धोका तरी आमच्या भाषेत छापा!

टिळकवाडीची: प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न कशाला?

निपाणीकर: अण्णा तुमचे असते तर विचारलं नसतं.

अथणीचा: मला कन्नड चांगलं वाचता येतं. तरी ती सूचना वाचता आली नाही, अक्षर मुंगीएवढं. माझी बायको कानडी, तिनंही कधी वाचली नाही. दोन्ही भाषांत मोठं छापा.

निपाणीकर: मोठं छापा, हे मान्य. पण मराठीत आधी.

खानापूरकर: अहो, आईचे हात राहिले बाजूला.

टिळकवाडीची: बरं, एवढं मान्य करते: रोज थोडं थोडं झिजणं या चाचणीत दिसत नाही. ती पहिल्या झटक्याची दाहकता सांगते. साबणानं कातडीतलं तेल निघून चिरा पडणं वेगळं. पण म्हणून चाचणी खोटी नाही. काकू बादलीला किती टोपणं घालतात?

खानापूरकर: विचारलं. टोपण नाही, धार धरते म्हणाली.