पाण्यातले हार्मोन : नळ तपासायचा की नाला?

पाणथळ :
पाणी गाळलं, उकळलं की आपण निर्धास्त. पण उकळून जंतू मरतात, हार्मोन जात नाहीत. गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन), शिवाय माणसांच्या नि गुरांच्या मूत्रातलं नैसर्गिक इस्ट्रोजेन सांडपाण्यातून नदीत उतरतं, आणि खालच्या अंगाला कुणीतरी तीच नदी पीत असतं.

कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे हे गोळीतलं रसायन मुद्दाम सोडलं होतं. प्रमाण किती, तर लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). तेवढ्यावर नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि फॅटहेड मिनो ही छोट्या माशांची जात तिथून जवळजवळ संपली. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरात बनणारं नैसर्गिक इस्ट्रोजेन, पिण्याच्या पाण्याच्या निरीक्षण यादीत घातलं, लिटरला १ नॅनोग्रॅम या मार्गदर्शक पातळीसह. माझं मत : प्रत्येक पाणीपुरवठ्यात ही तपासणी नेमाने व्हावी.

त्रैराशिक :
असहमत. मासा चोवीस तास त्या पाण्यात राहतो, कल्ल्यांतून तेच खेळवतो. आपण दिवसाला दोन लिटर पितो. मांडा हिशेब. एका गोळीत साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम. लिटरला १ नॅनोग्रॅम धरलं तर रोज पोटात जाणार २. एका गोळीइतकं व्हायला १५,००० दिवस. एक्केचाळीस वर्षं! दुधातून याहून जास्त इस्ट्रोजेन जातं. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाण्यातल्या औषधांच्या अंशांवरच्या २०१२ च्या अहवालात सरसकट नियमित तपासणीची गरज नाही असंच म्हटलंय. आधी जंतू, नायट्रेट, आर्सेनिक तरी नीट मोजा.

पाणथळ :
त्रैराशिक चोख आहे, पण गोळी घेणाऱ्या बाईचं. पोटातल्या गर्भाला तेच माप कसं लावता? गरोदर बायकांना डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत. त्यांच्या मुलींना तरुणपणी दुर्मीळ कॅन्सर निघाला, तेव्हा १९७१ मध्ये अमेरिकेत ते गरोदरपणात न देण्याचा इशारा आला.

त्रैराशिक :
ते मिलीग्रॅममध्ये देत होते हो. एका मिलीग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. भीती दाखवायची तर निदान एकक तरी सांभाळा.

तपकिरी बाटली :
मी असेच नमुने तपासते म्हणून दोन शब्द. नमुना गडद काचेच्या बाटलीत घ्यायचा, प्लास्टिक जवळपासही नको, हाताला क्रीम नको. लिटरभर पाणी हार्मोन धरून ठेवणाऱ्या बोटाएवढ्या नळीतून थेंबथेंब ओढायचं, नळीत अडकलेलं मिथेनॉलने सोडवायचं, नायट्रोजनच्या झोताखाली आटवायचं. लिटराचं अर्धा मिली उरतं, ते मग यंत्रात. एकदा आमच्या कोऱ्या नमुन्यातच, म्हणजे शुद्ध पाण्यात, बिस्फेनॉल ए हे प्लास्टिकमधलं, इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन सापडलं. तीन दिवस डोकं धरून बसलो. गुन्हेगार निघाली आमचीच प्लास्टिकची नळी.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. यीस्टमध्ये माणसाचा इस्ट्रोजेन ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं इस्ट्रोजेन ओळखणारं प्रथिन) बसवलेला असतो. पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काही असलं की पिवळं द्रावण लाल होत जातं. कोणतं रसायन ते यीस्ट सांगत नाही, पण सगळ्यांचा मिळून जोर किती ते दाखवतं.

आणि कळीचा मुद्दा कुणी काढलाच नाही. अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलेलं असतं, म्हणजे काय? पद्धतीची मोजमर्यादा, म्हणजे तिला मोजता येणारं किमान प्रमाण, ५ नॅनोग्रॅम असेल आणि मार्गदर्शक पातळी १, तर त्या कागदाला काही अर्थ नाही.

त्रैराशिक :
ताई, हे माझ्याच बाजूने झालं. नळाचे आकडे मोजता मोजता नाकीनऊ येतात, तर नाल्यावर जा. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आकडे सहज वाचता येतील इतके असतात. तिथेच ओझोन नाहीतर सक्रिय कोळसा बसवा. मासेही वाचतील, ज्यांचं नुकसान खरोखर सिद्ध झालंय.

पाणथळ :
बसवा की, नको कोण म्हणतंय! पण कोळसा कधीतरी भरतो. पुढे नळ तपासला नाही तर तो भरल्याचं कळणार कसं?

काठावरचा :
(फक्त वाचतोय) मग मी घरी फिल्टर घेऊ की नको?

तपकिरी बाटली :
कोळशाचा असेल आणि कांडी वेळेवर बदललीत तर बराचसा अंश धरतो. बदलत नसाल तर पैसे वाचवा.

त्रैराशिक :
पाणथळ, चला, अर्ध्यावर येतो. नळाचं वर्षातून दोनदा, बाकी सगळा जोर नाल्यावर. आणि अहवालात मोजमर्यादा छापलेली हवी.

पाणथळ :
दोनदा चालेल, पण नमुना नदी आटलेली असताना घ्या. पुरात घेतलात तर नाल्यावरही ‘आढळले नाही’ येईल.