गच्चीवर वाळवण की भेंडी? एकत्र घरात उन्हाळी भाजी कशी लावायची

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, घर एकत्र, सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, त्यांची पोरं आणि आम्ही. शिवरात्र झाली, थंडी गेली, आता भेंडी, दोडका, काकडी आणि जराशी कोथिंबीर लावायची मनात हाय. गच्चीवर ऊन चांगलं म्हणून ग्रो बॅगा, म्हणजे माती भरून झाडं लावायच्या पिशव्या, आणते म्हटलं तर जाऊबाई म्हणाल्या, होळी झाली की सांडगे, कुरडया, पापड, वर ब्याडगी मिरची वाळवायची, तुझी माती उडून त्यात बसली तर खाणार कोण? त्यांचंही बरोबरच हाय म्हणा. मागं परडं हाय पण लहान, एक नारळ, धुण्याचा दगड आणि मामंजींची सायकल. नळाला रोज पाणी नाही, टाकी सगळ्यांत एकच, झाडांना दोन तांबे घातले तरी कुणीतरी विचारतंच टाकी कुणी संपवली म्हणून. सासूबाई धुण्याचं पाणी अळूला घालतात, ते भाजीला चालेल का? भांडण न होता हे कसं बसवायचं सांगा की.

कडोली_शिवार
अक्का, गच्ची आत्ता मागूच नका. गच्चीवरच्या कुंड्यांचा खरा सीझन दसरा ते शिवरात्र, तेव्हा टोमॅटो, मेथी, मुळा काय पायजे ते लावा. फाल्गुन-चैत्रात स्लॅब तापतो, बॅगेतली मुळं शिजतात, पाणी दुप्पट लागतं आणि वर जाऊबाईंचा राग फुकट. दोडका आणि काकडी परड्यात भिंतीला लावा आणि दोरीनं वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत चढवा, मूळ खाली गार राहतं, शेंड्याला वर ऊन मिळतं आणि वाळवणाची जागा कुणी अडवत नाही. फक्त नारळाच्या बुंध्यापासून सहा-सात फूट लांब, नाहीतर तुमचं खत-पाणी नारळच पिऊन टाकतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोचा, दीड महिन्यात तोडायला येते. हेसरघट्ट्याच्या बागायती संस्थेची अर्का अनामिका ही भेंडीची जात मिळाली तर बघा, पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या रोगाला टिकावी म्हणून काढलेली हाय.

खानापूरवाला
वरच्या दादांचं वेलाचं पटलं पण गच्ची अजिबात सोडा हे नाही पटलं. भेंडीच्या चार बॅगा गच्चीच्या कडेला ठेवल्या तर काय बिघडतंय, वाळवण मधल्या उन्हात असतं. मातीवर उसाचं पाचट बोटभर जाड अंथरा, आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय कमी, माती उडणार नाही आणि पाणी पण निम्म्यावर येतं. एक बॅग ओली झाली की वीस-पंचवीस किलो भरते, म्हणून बीमवर किंवा भिंतीच्या कडेलाच ठेवायच्या, मधे स्लॅबवर नको, आणि जुनं कौलारू घर असेल तर विषयच सोडा. आमच्याकडं तर भावकी परवडली, वानरं नको, सगळी काकडी तीच खातात. तुम्ही शहरात हाय म्हणून सुखात हाय.

वडगावची_अक्का
पाण्याचं मी सांगते. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, अळू-केळीला चालतं पण कोथिंबिरीला आणि वेलाला घालू नका, माती हळूहळू कडक होत जाते. त्यापेक्षा तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, एवढ्या माणसांच्या घरात दिवसाला बादलीभर सहज निघतं आणि ते टाकीच्या हिशोबात येत नाही, म्हणजे कुणाला विचारायला जागाच नाही 😄 ती बादली सासूबाईंच्या ताब्यात द्या, मग बघा पाणी वेळेवर पडतंय का नाही. चुलीची राख खानापूरकडच्या तांबड्या आंबट मातीत चांगली, आपल्या वडगाव-शहापूरच्या काळ्या मातीत ढीगभर ओतायची गरज नाही. कोथिंबिरीचे धणे चपलेनं रगडून दोन फोडी करा, नारळाच्या सावलीत पेरा, कडक उन्हात ती लगेच फुलावर येते. नाहीतर तांबडा माठ टाका, महिन्याभरात भाजी ताटात. पहिली जुडी जाऊबाईंच्या हातात द्यायची, एवढं राजकारण आलंच पायजे.

शहापूरची_सून
लई लई धन्यवाद सगळ्यांना! बादलीची आयडिया सासूबाईंना लगेच पटली, सायकल पण हलली. आता एकच विचारते. मागं शेजारच्यांच्या दोडक्याला इवली इवली फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची, घरात सगळे म्हणतात कवळ्या फळाला बोट दाखवलं की कुजतं, पोरांना तर वेलाकडं बघायला पण देत नाहीत. खरं काय हाय?

कडोली_शिवार
बोटाचा काय संबंध नाही हो. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा परागीभवन झालं नाही तर फळ पिवळं पडून गळतं. नर फूल तोडून त्याचा मधला भाग मादी फुलावर घासा, मादीच्या खाली बारीक दोडका दिसतोच, ओळखायला सोपं, हे काम पोरांना लावून द्या. आणि फळावर बारीक टोचल्याची खूण दिसून आत अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. क्यू ल्यूरची, म्हणजे वासानं नर माशीला ओढणारी, गोळी असलेला सापळा कृषी दुकानात मिळतो, फुलं लागायच्या आधीच टांगा. किडकं फळ वेलाखाली पडू द्यायचं नाही, अळी त्यातनं मातीत जाऊन परत माशी होते, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. आंब्याचा सापळा देतील तो घेऊ नका, त्यातली गोळी वेगळी असते.